शार्शेनच्या गाईने खाल्लेला नान

टोकमोक, २९ ऑक्टोबर, सकाळ

चिरंजीव शिट्टी यास, थोरल्या वहिनीकडून.

हे पत्र का लिहावं लागलं ते पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे तुला शेवटच्या पानापर्यंत शोधत बसावं लागणार नाही. तुझा नान मी शार्शेनच्या गाईला घातला. चुकून घातला, पण घातला.

आता रीतीचं. तू कसा आहेस, झोप लागते का, छातीतला कफ गेला का, लोकरीचे मोजे घालतोस की अजून सुती मोज्यांवर तोरा मिरवतोस? सगळं बरं असेल असं मी धरून चालते, कारण फोनवर विचारलं की तू 'बरंय वहिनी, बरंय' म्हणतोस आणि तेवढ्यात तुझ्याकडचं नेटवर्क जातं. नऊ वर्षं येकातेरिनबुर्गचं नेटवर्क नेमकं माझ्या दुसऱ्या प्रश्नाला जातं. मी सदतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. एकच प्रयोग इतक्या वेळा करून एकच निष्कर्ष येत असेल तर तो लिहून ठेवावा एवढं मला समजतं. म्हणून पत्र. (पाकिटावरचं नाव शार्शेनने घातलं आहे, अक्षर पाहून घाबरू नकोस. सासरच्या माणसांचं नाव मी बेचाळीस वर्षांत घेतलेलं नाही, ते आता पोस्टाच्या सोयीसाठी घेणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचा तू फाटकावर बसून पुढच्या दोन दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत होतास. त्या दिवसापासून तू माझ्यासाठी शिट्टी. पन्नाशीला टेकलास तरी शिट्टीच.)

तर घर बंद करण्याची हकिगत. गेल्या जानेवारीत आई अंगणातल्या पंपापाशी बर्फावर घसरली आणि शेजारच्या शार्शेनचा कुत्रा भुंकेपर्यंत पाऊण तास तिथेच पडून होती, हे तुला कळवलं होतं. (तिचं म्हणणं, ती पडली नव्हती, बसली होती.) चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने तिथे आणखी एक हिवाळा एकटीने काढायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. तिला पटवायला जर्दाळू पिकेपर्यंतचा वेळ गेला. शेवटी ती माझ्याकडे टोकमोकला यायला तयार झाली, पण घर नीट बंद करायचं या अटीवर. शहरातली माणसं उन्हाळ्याच्या घराला कुलूप लावून पळतात तसं चालणार नाही, म्हणाली. मी चौकटीच्या कागदावर सत्तावीस कलमांची यादी केली आणि तीन दिवसांच्या हिशेबाने सोमवारी वर गेले. दोलोन घाटात शनिवारी बर्फ पडणार असं हवामानखात्याने सांगितलं होतं. एकदा तो घाट बंद झाला की शार्शेनची जीप खाली उतरत नाही, आणि मग आई तिथे, पंप तिथे, आणि पंपाभोवतीचा बर्फही तिथेच.

खिडक्यांपासून सुरुवात केली. आतल्या आणि बाहेरच्या तावदानांमध्ये कापूस भरायचा आणि फटींवर मैद्याच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, हे काम तू लहानपणी केलेलं आहेस, वाईट केलेलं आहेस. ती खळ सुकायला घर ऊबदार हवं, म्हणून चूल पेटवली. चूल पेटली की धुराडं धूर सोडतं. धूर दिसला की गावाला कळतं, म्हातारी अजून गेलेली नाही, आणि गाव निरोपाचा चहा प्यायला येतं. चहाला पाणी हवं, आणि पंप तर मी सकाळीच रिकामा करून गोणपाटात गुंडाळलेला. तो सोडवायचा. समोवर पेटीतून काढायचा. पाहुण्यांना उघड्या फळ्यांवर बसवता येत नाही, म्हणून छतापर्यंत रचलेल्या गाद्यांतल्या सहा खाली घ्यायच्या, कडूदवण्याची पानं घालून गुंडाळलेली नमद्याची जाजमं उलगडायची, दस्तरखान अंथरायचा. अकरा माणसं दीड तास चहा प्यायली की खोलीत इतकी वाफ होते की खिडक्यांवरच्या पट्ट्या सुटून खाली लोंबतात. पाहुणे गेले की पुन्हा खळ. खळ सुकायला पुन्हा चूल. साखळी-प्रक्रिया मी फळ्यावर पुष्कळदा काढून दाखवली आहे, तिच्या आत बसून चहा ओतायची वेळ पहिल्यांदाच आली. मंगळवारी संध्याकाळी यादीतल्या बरोबरच्या खुणा मोजल्या, तर त्या सोमवारपेक्षा चारने कमी होत्या.

शार्शेन कुंपणावर कोपर टेकून हे सगळं पाहत होता. ‘वहिनी, घर बंद करताय की लग्न काढलंय?’ म्हणाला. मी त्याला म्हटलं, बघत उभं राहण्यापेक्षा बटाट्याचं पोतं तळघरात उतरवून दे. तो उतरवायला गेला, आणि आईने त्यालाही चहाला बसवलं.

आणि आई स्वतः? ती मदत करत होती. तिच्या मदतीचं एकच उदाहरण देते. रस्त्याकडची खिडकी मी तीनदा बंद केली आणि तिने तीनदा पट्टी सोलून काढली. मी म्हटलं, ‘आई, थंडी आत येईल.’ तर म्हणते, ‘येऊ दे की. मी नसताना घरात कुणी नको?’ चौथ्यांदा मी ती चिकटवली तेव्हा चौकटीवर मला तुझ्या भावाचं अक्षर सापडलं. प्रत्येक चौकटीवर त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, डावी वरची, उजवी खालची, म्हणजे शरद ऋतूत घोळ नको. (तो माणूसच तसा होता, चमच्यांनाही क्रमांक दिले असते.) रस्त्याकडच्या खिडकीवर मात्र लिहिलंय, ‘ही धाकट्याने बसवली, म्हणून वारा येतो.’ ते वाचून मी जरा वेळ स्टुलावर बसले. तो गेल्यावर त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तू आला नाहीस तेव्हा मी फोनवर तुला जे बोलले ते तुला तोंडपाठ असेल. तुझे कागद अडकले होते, सरहद्दीवरून परत पाठवलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी बोलले. ते मी इथे मागे घेते. पुन्हा घेणार नाही, एकदाच घेते, नीट वाचून ठेव.

आता नान. बुधवारपर्यंत नऊ निरोप झाले होते, आणि प्रत्येक निरोपाला येणारी बाई चार नान घेऊन येते. नान फेकता येत नाही, पायाखाली येऊ देता येत नाही, आणि बंद घरात ठेवला तर उंदरांना आमंत्रण. तेव्हा वाळके नान गोळा करून शेजारच्या जनावरांना घालायचे हे एकोणिसावं कलम. तुझ्या आईचं नानाच्या बाबतीत काय आहे ते तू जाणतोस. तिने लहानपणी उपाशी दिवस काढले, त्यामुळे पेटीत एक पिशवी, गाद्यांमागे दुसरी, शेवयांच्या डब्यात तुकडे, पिठाच्या कोठीवर तुकडे. अशा सात पिशव्या मी शोधून काढल्या. सातवी चुलीमागच्या खिळ्याला टांगलेली होती. सगळ्या बादलीत रिकाम्या केल्या, वर कोंडा आणि गरम पाणी घातलं, आणि गुरुवारी सकाळी शार्शेनच्या एकशिंगी गाईपुढे ठेवलं. एकोणिसाव्या कलमावर खूण केली. पेन्सिल दाबून केली, मला आठवतं.

गुरुवारी दुपारी सगळं आटोपलं. पंप रिकामा, समोवर पेटीत, काचेच्या बरण्या तळघरात, गाद्या रचलेल्या. जीप फाटकाशी सुरू होती (शार्शेन इंजिन बंद करत नाही, कारण पुन्हा सुरू होण्याची त्याला खात्री नसते). आई अंगावर तीन कोट आणि डोक्याला दोन रुमाल बांधून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, ‘धाकट्याचा नान घे, आणि चल.’

मी विचारलं, कुठला नान.

‘चुलीमागचा. दारावर ओल यायला लागली म्हणून वसंतात तिकडे लावला.’

तू विसरला असशील म्हणून सांगते. नऊ वर्षांपूर्वी याच उंबऱ्यात तिने तुझ्या तोंडाशी नान धरला होता. तू एक घास तोडलास आणि उरलेला तिने पांढऱ्या फडक्यात बांधून दारावर टांगला, तू येऊन संपवावास म्हणून. तो तिथे असेपर्यंत तुझा घास या घरात उरलेला आहे आणि तुला यावंच लागेल, एवढा साधा तिचा हिशेब. मी शिकलेली बाई. मी त्या फडक्यावरची धूळ वर्षातून दोनदा झटकत असे, पण हिशेबावर कधी बोलले नाही.

मी शार्शेनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमच्या गाईने सकाळचं खाल्लं का. ‘खाल्लं म्हणजे? बादली चाटून उलटी केली. का, विष होतं त्यात?’

यापुढे मी जे केलं ते सदतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही केलं नव्हतं. आईला म्हटलं, नान शार्शेनच्या बायकोकडे ठेवलाय, आणते. धावत गेले. कानिमने कालचा एक नान काढून दिला. मी त्याचा एक घास तोडला (माझे पुढचे दात माझेच आहेत), मग सुरीने चाव्याच्या मधोमध एक बारीक उंचवटा कोरला, कारण तुझी फट माझ्या पूर्ण लक्षात आहे. मग नानाला चहाचं पाणी फासलं, निखाऱ्यावर वाळवला, राख चोळली. कानिम हाताची घडी घालून पाहत होती. ‘बाई, शाळेत पोरांनी कॉपी केली की तुम्ही काय करायचात?’

‘वर्गाबाहेर काढायची.’

‘मग बाहेर उभ्या राहूनच करा. माझ्या चुलीला कशाला त्यात घेता.’

नान उत्तम झाला होता. परीक्षक म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आईने तो हातात घेतला, उलटा केला, हुंगला, चाव्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिला. ‘हा तो नव्हे.’ मी म्हटलं, आई, फट तरी बघा. ‘फट बघितली,’ म्हणाली. मग तिने पहिला कोट काढला. दुसरा काढला. तिसरा काढून खुंटीला लावला आणि चुलीत काटक्या घालायला लागली. बाहेर शार्शेनने इंजिन बंद केलं.

मग मी सांगून टाकलं. उभी राहून, सगळं, क्रमाने. तिने फक्त एवढंच विचारलं, कुठल्या गाईने. एकशिंगी, मी म्हटलं. ती उठून गोठ्यात गेली आणि गाईसमोर बराच वेळ उभी राहिली. गाय रवंथ करत होती. ‘पचलं का हिला?’ तिने शार्शेनला विचारलं.

‘आजी, हिला दगड पचतो.’

‘दगडच होता तो,’ आई म्हणाली आणि घरात परत आली. मी कांदा जाड चिरते यावरून बेचाळीस वर्षं मला ऐकवणारी बाई त्या संध्याकाळी माझ्या हातचा जाड कांदा तशीच खाऊन उठली. मी बिछाने पुन्हा खाली घेतले, पंप सोडवला, आणि शनिवारपर्यंत किती तास उरले ते मोजत बसले. (त्याचा उपयोग काही नसतो. तरी मोजते.)

शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा ती पीठ मळत होती. एकच नान भाजला. गरम असतानाच पांढऱ्या फडक्यात बांधला, कोट चढवायला लागली आणि म्हणाली, ‘चल.’ मी म्हटलं, आई, याच्यावर चावा नाहीये. ‘दिसतंय मला,’ म्हणाली. एवढंच. धूर दिसूनही त्या दिवशी कुणी चहाला आलं नाही, गाईची गोष्ट गावभर झाली होती आणि सगळे कुंपणाआडून पाहत होते, त्यामुळे उरलेली कलमं तासाभरात उरकली. शेवटी चुलीतली राख तिने स्वतः काढली आणि लोखंडावर तळवा ठेवून उभी राहिली, लोखंड पुरतं निवेपर्यंत. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, यावरून काय ते समज. मग शार्शेन छपरावर चढला, धुराड्यावर बादली पालथी घातली, वर दगड ठेवला. घाटात भुरभुर सुरू झाली होती. आम्ही उतरलो.

आई इथे नीट आहे. काल दिवसभर रेडिएटरसमोर बसून याच्यात आग कुठे आहे असं विचारत होती. मी पाईप, बॉयलर सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे दुसऱ्याच्या घरात आहे.’

आता काम. शार्शेन आज दुपारच्या गाडीने तुमच्या गावी लेकीकडे निघतो आहे. त्याच्याबरोबर तो नान पाठवते. तू शार्शेनसमोर एक घास तोड, उरलेला त्याच फडक्यात बांध. तो पंचवीस नोव्हेंबरला परतेल तेव्हा आणेल. आम्ही तो इथे दारावर टांगू. एवढंच मागणं आहे, दहा सेकंदांचं काम आहे.

मोजे घाल.

तुझी वहिनी
अनारकुल

ता. क. आईने एक गोष्ट तुला कळवू नकोस म्हणून बजावलं आहे. कळवते. घाट उतरल्यावर मी तिला विचारलं, माझा नान इतका हुबेहूब होता, तो तुमचा नव्हे हे कशावरून ओळखलंत? म्हणाली, ‘तुझ्या नानावर फट होती.’ तुझा नान तू गेल्यानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात उंदरांनी खाल्ला होता. तिने नवा भाजला, स्वतः चावला आणि टांगला. दोन वर्षांनी त्याला अळ्या लागल्या, पुन्हा एक भाजला. तोवर तिचे पुढचे दात गेले होते म्हणून दाढेने कडेचा तुकडा तोडला. मी शार्शेनच्या गाईला घातला तो हा तिसरा. ‘शिकलेली सून,’ म्हणाली, ‘आणि पाच वर्षं वाकडा चावा झटकत होती.’ मी विचारलं, मग गुरुवारी कोट का काढून ठेवलेत? त्यावर म्हणाली, ‘तुझा चावा बघितला आणि कळलं, माझ्यानंतरही कुणी तरी चावून ठेवील. आणि तो येईलच असं कुणाला वाटणार नाही. म्हणून जरा बसले.’ शार्शेनने तेवढ्यात नाक शिंकरलं. रस्ता अवघड असल्यामुळे असेल.

ता. क. दुसरा. वरचं मागणं रद्द समज. घर बंद करायला सत्तावीस कलमं लागतात, उघडायला एकच. धुराड्यावरची बादली कुणी तरी छपरावर चढून काढावी लागते. एप्रिलमध्ये शार्शेनचे गुडघे चढणार नाहीत, त्याने आत्ताच सांगितलंय. मी चौसष्टची आहे, आणि आई चढेन म्हणते, तीच भीती आहे. तुझे कागद गेल्या वर्षीच सरळ झाले हे शार्शेनच्या लेकीने मला कळवलं आहे, तेव्हा नेटवर्कचं कारण चालणार नाही. घरात शिरल्यावर काय बोलायचं याची चिंता करू नकोस. कुणी विचारणार नाही. मी नऊ वर्षं प्रश्न विचारले, ते संपले.

ता. क. तिसरा. रस्त्याकडची खिडकी मी शेवटी चिकटवली नाही.

सोपवल्याची नोंद (दोन प्रती, एक शार्शेनच्या खिशात, एक माझ्याकडे):

कानिमकडे: घराची किल्ली, एक. तळघराची किल्ली, एक. कुत्र्याला हाडं घालण्याची जबाबदारी.
माझ्याकडे: सासूबाई, एक, तीन कोटांसह. सही तिने स्वतः केली आहे, नाव मी लिहीत नाही.
शार्शेनकडे: हे पत्र, बंद. लोकरी मोजे, दोन जोड. वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी, एक. नान, एक, अख्खा, पांढऱ्या फडक्यात.
नेणार: शार्शेन.
परत आणणार: शार्शेन नव्हे.